चादरीनं बेस अडत नाही

जुळे सोलापुरात घरच्या घरी स्टुडिओ थाटणारा पोरगा माइक विकत आणतो, चादरी मात्र घरातूनच उचलतो. भिंतींना चार सोलापुरी चादरी ठोकल्या, टाळी वाजवून पाहिली, घुमत नाही म्हटल्यावर खोली तयार. त्या खोलीत मिक्स केलेलं, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवलेलं गाणं तिथं छान भरीव, उबदार वाटतं. तेच रिक्षात लावलं की पोकळ लागतं आणि कानाला टोचतं. मग दोष माइकला दिला जातो, नाहीतर मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या फुकटच्या प्लगइनला. बहुतेक वेळा गडबड भिंतीवर टांगलेली असते.

आवाज म्हणजे हवेची ये-जा. भिंतीला टेकलेल्या हवेला हलायला जागाच नसते. तिथं फक्त दाब चढतो-उतरतो. हवा सगळ्यात जास्त हलते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. कापड आवाज खातं ते धाग्यांच्या फटींतून जाणाऱ्या हवेला घासून, म्हणजे हवा हलत असेल तिथंच. 3,000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तीन हजार वेळा थरथरणाऱ्या आवाजाची तरंगलांबी साडेअकरा सेंटीमीटर, तिचा पाव हिस्सा तीन सेंटीमीटरच्या आत, त्यामुळे जाड चादर तिथं थोडंफार काम करते. 100 हर्ट्झचा हिशेब मात्र 86 सेंटीमीटरवर जातो. भिंतीला चिकटलेल्या चादरीला तो बेस दिसतही नाही. थोडक्यात, चादरींनी वरचा आवाज खाल्ला आणि खालचा तसाच घुमत राहिला. मिक्स करणारा ते ऐकून ट्रेबल वाढवतो, बेस कापतो. गाण्याची सगळी ऊब तिथंच जाते.

त्यात खोली दहा बाय दहाची. दोन समोरासमोरच्या भिंतींत 56 हर्ट्झची लाट अडकते, तिच्या पटीत 112 आणि 168 सुद्धा. लांबी-रुंदी सारखीच असल्यानं दोन्ही दिशांचे आकडे एकमेकांवर चढतात. छतही दहा फुटांवर असेल तर विचारूच नका. बरोबर मधोमध खुर्ची टाकली की 56 जवळपास गायब होतो आणि 112 फुगतो. (मे महिन्यात खोली चाळीस अंशांवर गेली की आवाजाचा वेग वाढून 56 चा 58 होतो. एवढ्यासाठी एसी घ्यायची गरज नाही.) खुर्ची समोरच्या भिंतीकडे सरकवा. चादर वीतभर पुढे, चुण्या पाडून टांगा. मग ती 400 हर्ट्झच्या आसपासही थोडा आवाज खाईल. कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या, जाड गाद्या उभ्या करा, कारण बेस कोपऱ्यात साठतो आणि जाड गादी भिंतीपासून बरीच पुढे, हलत्या हवेपर्यंत पोचते. दिसायला वाईट दिसतं, पण एवढ्या पैशात याहून बरं काही मिळत नाही.

गाण्याची ऊब साधारण 150 ते 400 हर्ट्झमध्ये असते. गळ्याचं अंग, ढोलकीच्या धुमेचा, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूचा भरणा तिथला. ती फार झाली की गायक डब्यात बसून गातोय असं वाटतं. टोचणारा भाग 2,000 ते 5,000 हर्ट्झचा. कानाची नळी अडीच सेंटीमीटरची, एका टोकाला पडद्यानं बंद. ती स्वतःच तीन-साडेतीन हजारांच्या आसपास घुमते, म्हणून तिथं आपला कान सगळ्यात तिखट. हलगीचा कडकडाट याच पट्ट्यात बोचतो. उलट, सोलापूरच्या पूर्व भागात कापडाच्या मागांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्यांचा कान आधी 4,000 हर्ट्झच्या आसपास बसतो. मिरवणुकीत डीजेसमोर नाचणाऱ्यांचंही तेच. असा माणूस मिक्सला बसला तर त्याला कमी ऐकू येणारं तो वाढवणारच.

आवाजाची पातळीही फसवते. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान केला की कानाला बेस जास्त वेगानं कमी वाटतो. मोठ्यानं लावून केलेलं मिक्स हळू लावलं की पातळ होतं. गप्पांच्या आवाजात मिक्स करा, मोठ्यानं फक्त तपासा.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) जुन्या ॲम्प्लिफायरचा आणि टेपचा गोडवा हा निव्वळ भास नाही. त्यांत लाटेचा माथा हळूच गोलावतो आणि मूळ स्वराचे थोडे पटीतले स्वर निघतात: दुप्पट म्हणजे तार षड्ज, तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार पाचपट. नात्यातलेच स्वर, म्हणून कान कुरकुरत नाही. डिजिटलमध्ये पातळी ओलांडली की माथा सपाट छाटला जातो, खूप वरचे स्वर उसळतात आणि आवाज फाटतो. मास्टरिंगला, म्हणजे गाण्यावरच्या शेवटच्या हाताला, सगळं मोठ्या आवाजात ठासून भरण्यात तसाही फायदा नाही. यूट्यूब साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) वरचं गाणं स्वतःच खाली आणतं.

मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधून 100 हर्ट्झ जवळजवळ येतच नाही. पण 200, 300, 400 ऐकू आले की मेंदू त्यांतून नसलेला 100 स्वतः उभा करतो. म्हणून बेसच्या ट्रॅकवर किंचित सॅच्युरेशन (तेच माथा गोलावून पटीतले स्वर काढणं) द्यायचं आणि फोनवर ऐकून ठरवायचं. जोर आला नाही तर बेसचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर ढकलू नका, सॅच्युरेशन जरा वाढवा.