मुरमाच्या वाटांवर सायकल : पुणे परिसरातल्या ग्रॅव्हल राइडसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून ग्रॅव्हल सायकल (कच्च्या, खडीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) भाड्याने घेणाऱ्या किंवा आमच्याबरोबर राइडला येणाऱ्या प्रत्येकाने हे पत्रक निघण्याच्या आदल्या दिवशी वाचावं.

रविवारी सकाळी नऊ वाजून गेले की सिंहगड, मुळशी, पवना या रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागतात. त्याच वेळी सासवडच्या पश्चिमेला गराडे, भिवरी, चांबळीकडच्या टेकड्यांवर, सुप्याच्या माळावर किंवा नीरा डाव्या कालव्याच्या काठाने बराच वेळ एकही मोटार भेटत नाही. आम्ही याच भागात राइड नेतो. इथे किती किलोमीटर झेपतील, टायरमध्ये हवा किती भरायची, निघायचं कधी आणि कोणत्या दिवशी घरीच बसायचं, हे सगळं चाकाखालची माती ठरवते. म्हणून आधी मातीबद्दल.

माती कोणती?

पुण्याच्या पूर्वेला उतारांवर आणि माळावर मुरूम आहे. काळा दगड झिजून तयार झालेला हा तांबूस-करडा थर पाणी लगेच खाली सोडतो. रात्री पाऊस पडून सकाळी उघडलं तर दुपारपर्यंत मुरमावर सायकल घालता येते. सखल भागातली काळी माती अगदी उलट वागते. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि टायरला थरावर थर चिकटत जाते. शंभर मीटर जायच्या आत चाक आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) यांच्यातली जागा भरते आणि चाक फिरायचं थांबतं. चांगला पाऊस झाला असेल तर काळी माती सुकायला दोन-तीन दिवस कडक ऊन लागतं.

चिखल भरला की हाताला घाण लागते एवढ्यावर भागत नाही. त्यात गवत आणि काटक्या मिसळतात, साखळीबरोबर मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) ओढल्या जातात, डिरेलर स्पोकमध्ये (चाकाच्या तारांमध्ये) जातो आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, मोडतो. हँगर मुद्दामच मऊ ॲल्युमिनियमचा असतो, म्हणजे तो मोडतो आणि फ्रेम वाचते. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, त्यामुळे गावातल्या सायकलवाल्याकडे तो मिळत नाही. आमच्या प्रत्येक सायकलच्या सीटखालच्या पिशवीत तिचा स्वतःचा हँगर ठेवलेला असतो. चाक जड वाटू लागलं की पेडल मारत राहू नका. उतरा, कडेच्या गवतावरून सायकल ढकला किंवा खांद्यावर घ्या आणि एखाद्या चपट्या काठीने फोर्कमधला आणि ब्रेकजवळचा चिखल काढा. पावसानंतर काळ्या मातीतून जाणारी राइड आम्ही सरळ रद्द करतो आणि पैसे पुढच्या तारखेला वळते करतो. यात तडजोड नाही.

उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या वाटांवर पिठासारखा फुफाटा साचतो. त्यात पुढचं चाक भरकटतं. अशा वेळी हलका गिअर घ्या, वजन जरा मागे न्या, पेडल चालू ठेवा आणि हँडल घट्ट आवळू नका. नव्याने टाकलेल्या सुट्या खडीवर वळण घेताना पुढचा ब्रेक दाबू नका. वेग वळणाआधीच कमी करा. बैलगाडीची किंवा ट्रॅक्टरची चाकोरी खोल असेल तर ती ओलांडताना चाक तिच्या कडेला शक्य तितकं काटकोनात घ्या. चाकोरीला समांतर राहून हळूच बाहेर यायला गेलं की टायर कडेला घासतो आणि माणूस पडतो.

हवा किती?

पक्क्या रस्त्याची सवय असलेले लोक जास्त हवा भरतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ तेच असतं: हात बधिर होणं, चढावर मागचं चाक घसरणं, पाठ दुखणं. आमच्या सायकलींना ४० मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर आहेत. चालवणाऱ्याचं वजन ६० किलोच्या आसपास असेल तर पुढे २६ आणि मागे २९ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), ७० ते ७५ किलोला ३० आणि ३३, ८५ ते ९० किलोला ३५ आणि ३८. स्वतःची सायकल असेल आणि आत ट्यूब असेल तर यात ६ ते ८ पीएसआय वाढवा, नाहीतर दगडावर आपटल्यावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. दगड लागल्यावर रिमचा टक्क आवाज वारंवार येत असेल तर हवा कमी आहे. २ पीएसआय वाढवून बघा.

मोठ्या पंपावरचा काटा कमी हवेला नीट दाखवत नाही. दुकानातून निघताना आम्ही डिजिटल गेजने मोजून देतो. हिवाळ्यात पहाटे १५ अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर दुपारी ३० अंशांना साधारण ३२ होतो, हेही लक्षात असू द्या.

बाभळीचा काटा

वेडी बाभूळ आणि सराटे या भागात सगळीकडे आहेत, त्यामुळे काटा रुतणार हे गृहीतच धरा. ट्यूबलेस टायरमध्ये आम्ही प्रत्येकी ६० मिली सीलंट (भोक बुजवणारा पातळ द्रव) घालतो आणि पुण्याच्या हवेत ते सुकत असल्याने दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरतो. काटा दिसला तर उपटा, भोक जमिनीकडे येईल असं चाक फिरवून अर्धा मिनिट थांबा, मग चाक गरगर फिरवा. पांढरा थेंब येऊन भोक बुजतं. नाही बुजलं तर पिशवीतली रबरी पट्टी सुईने आत खोचा, वर अर्धा सेंटिमीटर राहू द्या आणि हवा भरा.

त्यानेही भागलं नाही तर ट्यूब टाकावी लागते, आणि घाई महागात पडते ती इथेच. बाभळीच्या काट्याचं टोक टायरच्या आत मोडून राहिलेलं असतं. बाहेरून काहीच दिसत नाही आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते. टायर पूर्ण उघडा आणि आतल्या बाजूने जुनं फडकं गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. ते चिमट्याने आतूनच ओढून काढा. उघड्या बोटाने तपासू नका.

चाक काढलेलं असताना ब्रेकचं लिव्हर चुकूनही दाबू नका. हायड्रॉलिक ब्रेकचे पॅड एकमेकांजवळ येतात आणि मग डिस्क (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही. सीलंट किंवा साखळीचं तेल डिस्कवर उडालं तर ब्रेक लागत नाही आणि कर्कश आवाज करतो. तेल नेहमी डिस्कपासून दूर, एकेका कडीवर थेंब थेंब टाका.

वाट, वारा, वेळ

पहिल्यांदा येत असाल तर नीरा गावापासून कालव्याच्या काठाने बारामतीच्या दिशेला जाणारी वाट आम्ही सुचवतो. ब्रिटिश काळातला हा कालवा जमिनीच्या पातळीला धरून अगदी हळू उतरत जातो, म्हणून चढ जवळपास नाहीतच. ही वाट जलसंपदा विभागाची आहे. पाटकरी (कालव्याच्या पाण्यावर लक्ष ठेवणारे कर्मचारी) भेटले तर थांबून विचारा, ते नको म्हणाले तर परत फिरा. आवर्तन सुरू असताना, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेलं असताना, पाणी जोरात असतं आणि काठ निसरडे असतात. हातपाय धुवायलाही आत उतरायचं नाही. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. तेव्हा या बाजूला उसाचे ट्रॅक्टर असतात, म्हणून त्या महिन्यांत आम्ही सासवड आणि सुप्याकडे वळतो.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा असतो आणि दुपारी वाढतो. तेव्हा आधी पश्चिमेला जा, दमल्यावर वारा पाठीशी असू द्या. मुरमावर सरासरी ताशी १४ ते १७ किलोमीटर वेग धरा. डांबरी रस्त्यावर ७० किलोमीटर सहज जाणाऱ्याने पहिल्या दिवशी ३५ ठरवावेत. मार्च ते मे सकाळी सहाला निघून दहाच्या आत सावलीत या. तासाला ५०० ते ७५० मिली पाणी लागतं, माळावर दुकानं नाहीत आणि कालव्याचं पाणी पिण्याचं नव्हे. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घरीच मिसळून आणा.

सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात आपण सायकली नेत नाही. बाहेरच्या माळावरही चाकोरी सोडू नका. टिटवी, चंडोल, धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती मुरमात मिसळून जातात. चाकाखाली आल्यावरच कळतं.

दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाकडे निघतात, पावसाआधी परत येतात. कळप दिसला की उतरा, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरून चालत जा. “राम राम मामा, कुठून जाऊ?” असं विचारलं की ते कुत्र्यांना आवरतात आणि बाजूही दाखवतात. कुत्रा मागे लागला म्हणून वेग वाढवू नका. पिकातून आणि शेताच्या बांधावरून सायकल घालायची नाही, आणि वाटेतलं फाटक जसं असेल तसंच ठेवायचं.

बुकिंग करताना उंची, वजन आणि पायाच्या आतल्या बाजूचं माप सेंटिमीटरमध्ये कळवा. या मापाला ०.८८३ ने गुणलं की पेडलचे दोन्ही दांडे ज्यावर फिरतात त्या फ्रेममधल्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंतचं अंतर मिळतं: ८० सेंटिमीटरला साधारण ७०.६. खडबडीत वाटेसाठी आम्ही सीट आणखी ३ ते ५ मिलिमीटर खाली घेतो. हेल्मेटशिवाय सायकल दिली जात नाही. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, कारण टेकड्यांमागे रेंज जाते. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२.

सायकल परत देताना ती न धुता द्या. गाड्या धुण्याच्या सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून पाणी आत जातं. कुठे पडलात, दगड कुठे लागला, गिअर कधीपासून अडकतोय हे मात्र नक्की सांगा. पडताना वाकलेला हँगर डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढच्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जातो. पडल्याचं सांगितल्याबद्दल आम्ही पैसे कापत नाही.