कोळशाचा साठा: एका आकड्याची जन्मकथा

देशातला कोळसा किती वर्षे पुरेल, असे विचारले की भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा आकडा पुढे येतो. 1 एप्रिल 2022 रोजी तो 361.41 अब्ज टन होता. वार्षिक उत्पादन साधारण अब्जभर टन. भागाकार केला की साडेतीन शतकांची निश्चिंती! हा भागाकार फसवा आहे.

बंगालमधल्या राणीगंजला 1774 मध्ये खाणकाम सुरू झाले, तेव्हा मोजणी वगैरे नव्हती. नदीकाठी काळा थर उघडा दिसला की खणायचे. पुढे ईस्ट इंडिया कंपनीला कोळसा कुठे आणि किती आहे हे पद्धतशीर कळायला हवे होते. त्यातूनच 1851 मध्ये थॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली हे खाते उभे राहिले. आपल्याकडे चंद्रपूर भागात वर काळी कसदार जमीन, थर झाकलेले. त्यामुळे बोअर मारल्याशिवाय गत्यंतर नव्हते. वरोऱ्याची खाण 1906 मध्ये बंद पडली, पण तोवर बल्लारपूर सुरू झाले होते.

आजच्या आकड्याचा साचा 1957 चा. त्या वर्षी ठरलेल्या भारतीय प्रमाण पद्धतीत साठ्याचे सिद्ध, निर्देशित आणि अनुमानित असे प्रकार झाले. कुठला साठा कुठल्या प्रकारात, हे मुख्यतः बोअरहोल एकमेकांपासून किती अंतरावर आहेत त्यावर ठरते; जितके जवळ, तितकी खात्री जास्त. म्हणजे 'सिद्ध' याचा अर्थ एवढाच की कोळसा तिथे नक्की आहे. तो परवडेल का, त्याच्यावर गाव, जंगल की रेल्वेमार्ग आहे, हे त्या पद्धतीने विचारलेच नाही.

राष्ट्रीयीकरणानंतर (1971 ते 1973) आणि 1975 मध्ये कोल इंडिया स्थापन झाल्यावर खाणकाम भूमिगत बोगद्यांकडून ओपनकास्टकडे, म्हणजे वरून उघड्या खणायच्या खाणींकडे सरकले. तिथे मुख्य प्रश्नच वेगळा: एक टन कोळशासाठी वरची माती-खडक, म्हणजे 'ओबी', किती घनमीटर उपसायची? हे गुणोत्तर चारावरून आठावर गेले की कोळसा तेवढाच राहतो, खाणीचे गणित मात्र बदलते. याच काळात रांचीला नियोजनासाठी सीएमपीडीआय ही संस्था निघाली. नागपुरातही तिची शाखा आहे.

काढलेल्या कोळशाची मोजणीही वाटते तितकी सरळ नाही. रोजचा हिशेब डंपरच्या फेऱ्या गुणिले सरासरी भार असा धरतात. मग सर्व्हेअर खाण आणि डेपोतले ढीग मोजून तो पडताळतात. साखळी आणि थिओडोलाइट जाऊन आता लेझर स्कॅनर आले. तरी वहीतला साठा आणि मोजलेला साठा यांत 5 टक्क्यांपर्यंत फरक असेल, तर कोल इंडिया वहीतलाच आकडा धरते. दहा लाख टनांच्या ढिगात 50 हजार टन इकडे-तिकडे चालतात. किराणा दुकानदाराला ही सवलत मिळाली तर तो देवाला नारळ फोडेल.

संयुक्त राष्ट्रांची वर्गीकरण पद्धत अर्थकारण, व्यवहार्यता आणि भूगर्भाची माहिती असे तीन निकष एकत्र लावते. वरचे 361.41 अब्ज टन मात्र जुन्या साच्यातले, आणि त्यांत 1200 मीटर खोलीपर्यंतचा कोळसा धरलेला आहे. आज देशाचे 95 टक्क्यांहून अधिक उत्पादन ओपनकास्टमधून येते, आणि ओपनकास्टचे काम प्रामुख्याने वरच्या 300 मीटरमधले.