समुद्रावरच्या हवेचे ऋतू

जानेवारीत हर्णैच्या बंदरावरून मावळता सूर्य पाहिला, तर तो बहुतेक वेळा पाण्याला टेकतच नाही. क्षितिजाच्या हातभर वर तांबूस होतो आणि धुरकटात विरून जातो. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास मात्र सुवर्णदुर्गाचा तट दगड मोजता येतील इतका लख्ख दिसतो. समुद्र तोच आणि किनाराही तोच. फरक असतो तो हवेत तरंगणाऱ्या कणांत: मीठ, धूळ, काजळी आणि गंधकाची संयुगं. बहुतेक कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ढगाचा प्रत्येक थेंब अशाच एखाद्या कणावर धरतो. म्हणून पावसाचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांची खबर ठेवावी लागते.

किनाऱ्यापासून दूर गेलं की हवा निर्मळच असणार, असं आपण मानून चालतो. जुन्या खलाशांना ते तसं नसल्याचं माहीत होतं. जानेवारी १८३२ मध्ये ‘बीगल’ जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दे बेटांशी नांगरलं, तेव्हा चार्ल्स डार्विनला हवा धूसर दिसली आणि जहाजावर तपकिरी रंगाची बारीक धूळ पडत होती. अशा पाच पुड्या त्याने जर्मन शास्त्रज्ञ एहरेनबर्गकडे पाठवल्या. त्यात सूक्ष्म जीवांचे ६७ प्रकार सापडले. ही सगळी धूळ वाळवंटाकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर समुद्रावर येत होती, तीही ठरावीक महिन्यांत. पुढे १८८०च्या दशकात स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने हवेतले कण मोजण्याचं यंत्र बनवलं, आणि ‘धूसर’ या शब्दाच्या जागी आकडा आला.

मीठ हवेत जातं कसं, हे कोडं सुटायला विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकेच्या वुड्स होल संस्थेतल्या आल्फ्रेड वुडकॉकने १९५०च्या दशकात विमानातून समुद्रावरच्या हवेतले मिठाचे कण गोळा केले आणि वाऱ्याच्या वेगाशी त्यांचा संबंध लावला. कण तयार होतात ते लाट फुटून फेस झाल्यावर. फेसातला बुडबुडा फुटतो, त्याच्या पापुद्र्याचे तुषार उडतात, शिवाय बुडबुड्याच्या तळातून पाण्याची बारीक पिचकारी वर येते. थेंबातलं पाणी उडून जातं, मीठ हवेत राहतं. वारा दुप्पट झाला, की फेसाने झाकलेलं क्षेत्र साधारण दहापट होतं. जुलैत वेंगुर्ल्यात खिडकीच्या गजांना हात लावला तर चिकट लागतो आणि नव्या रंगाखालूनही गंज फुगून वर येतो, त्यामागे हेच गणित आहे. एवढा पाऊस हवा सारखी धूत असतो, तरीही वारा दर तासाला नवं मीठ भरत राहतो.

पण वाऱ्याने सगळंच उलगडत नव्हतं. टास्मानियाच्या वायव्य टोकावर केप ग्रिम इथे १९७६ पासून दक्षिण महासागरावरून येणारी हवा मोजली जाते. त्या दिशेला ना कारखाना, ना शहर. तरीही ढगांना बीज पुरवणारे कण तिथल्या उन्हाळ्यात वाढतात, हिवाळ्यात घटतात. वारा तर हिवाळ्यातही काही कमी नसतो. संशय गेला समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर. ऊन वाढलं की ती फोफावतात आणि त्यांच्यामुळे डायमिथाइल सल्फाइड नावाचा गंधकी वायू हवेत जातो. त्यापासून सूक्ष्म कण बनतात. १९८७ मध्ये चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरेन यांनी याच धाग्यावर मोठा डाव टाकला: प्लवक ढग वाढवतात, ढग ऊन अडवतात, म्हणजे समुद्र स्वतःचं तापमान स्वतःच सांभाळतो. कल्पना देखणी होती, आणि देखण्या कल्पना शास्त्रात जरा जास्तच टिकतात. २०११ मध्ये क्विन आणि बेट्स यांनी ती सविस्तर खोडून काढली. मिठाचे आणि सेंद्रिय कणही ढगांना बीज पुरवतात, सगळा भार एकट्या गंधकावर टाकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. केप ग्रिमचा ऋतुक्रम मात्र खराच आहे.

अरबी समुद्राकडे जगाचं नीट लक्ष गेलं ते आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत, म्हणजे १९५९ ते १९६५ या काळात. हवामानाच्या नोंदी जमवण्याचं केंद्र मुंबईत कुलाब्याला होतं, भारताकडून आयएनएस ‘किस्टना’ फिरत होती, आणि मोहीम संपता संपता १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय आपल्या शेजारी गोव्यात, दोनापावलाला आहे. त्या मोहिमेत भर होता तो वारे, प्रवाह आणि मान्सून यांवर. कणांची पाळी यायला आणखी तीन दशकं लागली.

१९९९च्या जानेवारी ते मार्चमध्ये वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने ‘इंडोएक्स’ (हिंदी महासागर प्रयोग) ही मोहीम झाली. ‘सागरकन्या’ हे भारताचं संशोधन-जहाज गोव्याहून दक्षिणेकडे निघालं. किनाऱ्याजवळ दाट धुरकट, विषुववृत्त ओलांडून दोन्ही गोलार्धांची हवा मिळते तो पट्टा पार केला की एकदम स्वच्छ हवा. उत्तरेकडच्या धुरकटाचा थर तीन किलोमीटर उंचीपर्यंत होता आणि त्याने व्यापलेला प्रदेश एक कोटी चौरस किलोमीटरहून मोठा. हिवाळ्यात वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि चुलींचा, शेतातला, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर सोबत नेतात. पाऊस नसल्याने तो धुतला जात नाही. दुपारी खारा वारा फिरला, की त्यातलाच काही भाग परत किनाऱ्यावर येतो. म्हणजे जानेवारीत समुद्राकडून आलेली झुळूक ताजी असेलच असं नाही.

२००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात याला ‘आशियाई तपकिरी ढग’ म्हटलं गेलं. दिल्लीतून आक्षेप आले आणि पुढे ‘आशियाई’ शब्द गळला. नावावरच्या या भांडणात एक साधी गोष्ट मागे पडली, असं मला वाटतं: तो ‘ढग’ हिवाळ्यातला होता. जून-जुलैत याच समुद्रावर चित्र पार वेगळं असतं. पाण्यालगत नैऋत्येचा वारा मीठ आणतो आणि त्याच्या वरच्या थरात अरबस्तानातली व आफ्रिकेच्या शिंगाकडची (सोमालियाच्या बाजूची) वाळवंटी धूळ येते. अरबी समुद्रावर धूळ सर्वाधिक असते ती याच महिन्यांत. ही धूळ ऊन शोषून हवा तापवते, समुद्रावरून जमिनीकडे येणारा ओलावा वाढवते आणि आठवड्याभरात मध्य भारतातला पाऊस वाढतो, असं व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. वेळापत्रक मोडूनही धूळ येते. जानेवारी २०२२ मध्ये ती समुद्रावरून थेट मुंबईत उतरली आणि उभ्या गाड्यांवर पांढरट भुकटी साचली.

अडचण अशी, की सगळ्यात कमी नोंदी पावसाळ्यातल्याच आहेत. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, संशोधन-जहाजंही खवळलेल्या समुद्रात फारशी जात नाहीत, आणि ढगांच्या पडद्यामुळे उपग्रहाला खालचे कण नीट दिसत नाहीत. म्हणून जमिनीवरच्या जागा महत्त्वाच्या ठरतात. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयवर नव्वदच्या दशकापासून नोंदी आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून चालते. कोकणावरून चढून आलेले ढग तिथे थेट दारातून आत शिरतात.

त्यात आता १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली आहे. मुंबई आणि न्हावाशेव्याला ये-जा करणाऱ्या जहाजांनाही ती लागू आहे. त्यामुळे अरबी समुद्रावरच्या जुन्या आणि नव्या नोंदींची तुलना करताना महिना पाहून भागत नाही, वर्षही पाहावं लागतं.