पुरावस्तूंची सत्यता पडताळणी

एखादी पुरावस्तू ज्या काळातली आणि ज्या ठिकाणची म्हणून सांगितली जाते, तशी ती खरोखर आहे की नाही, हे तिची शैली, मालकीचा इतिहास आणि प्रयोगशाळेतील चाचण्या यांवरून ठरवण्याला सत्यता पडताळणी म्हणतात. यांहूनही भक्कम पुरावा म्हणजे शास्त्रीय उत्खननाची नोंद. वस्तू कोणत्या थरात, कशासोबत सापडली ही माहिती एकदा हरवली की कोणतेही यंत्र ती परत मिळवून देऊ शकत नाही.

नैर्ऋत्य तुर्कस्तानातील हाजिलारचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्ट यांनी १९५७ ते १९६० या काळात तेथे उत्खनन केले आणि फिकट लेपावर तांबडी नक्षी असलेली, इ. स. पू. सहाव्या सहस्रकातील मृद्भांडी उजेडात आणली. लवकरच त्याच धर्तीची भांडी व मूर्ती बाजारात येऊ लागल्या आणि नामांकित संग्रहालयांनीही त्या विकत घेतल्या. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेने अशा ६६ वस्तूंची तप्तदीपन चाचणी (माती तापवून तिच्यातून निघणारा प्रकाश मोजण्याची चाचणी) केली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ४८ आधुनिक होत्या.

मातीतील क्वार्ट्‌झ व फेल्डस्पार या खनिजांचे कण आसपासच्या किरणोत्सारातील ऊर्जा साठवत राहतात. भांडे भट्टीत भाजले की आधीचा साठा संपतो आणि पुन्हा शून्यापासून साठवण सुरू होते. म्हणून बुडाशी बारीक छिद्र पाडून, मंद लाल उजेडात काढलेली चिमूटभर भुकटी सुमारे ५००° से. पर्यंत तापवतात आणि बाहेर पडणारा प्रकाश मोजतात. नुकत्याच भाजलेल्या मातीतून तो जवळजवळ निघतच नाही. मात्र ही चाचणी माती शेवटची केव्हा तापली एवढेच सांगते. कृत्रिम किरणांचा मारा करून तिलाही चकवता येते, त्यामुळे शैलीच्या जाणकाराची नजर अनावश्यक ठरत नाही.

भरीव धातूच्या मूर्तीत मातीचा गाभा नसल्याने ही चाचणी तेथे चालत नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये योगायोगाने सापडलेली रथ, हत्ती, गेंडा व रेडा ही कांस्यशिल्पे भरीव ओतीव आहेत. एम. एन. देशपांडे आदी पुरातत्त्वज्ञांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून ती उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातील मानली, डी. पी. अग्रवाल यांनी मात्र त्यांतील एक टक्क्याहून अधिक आर्सेनिककडे बोट दाखवून, इतर ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळातील) वस्तूंत असे मिश्रण आढळत नसल्याने या कालनिश्चितीवर आक्षेप घेतला.