काशाची वाटी आणि बाबांचं बीपी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी रात्रीची जेवणं उरकली की आई काशाची वाटी काढते. बाबा पलंगावर पाय पसरून बसतात. आई त्यांच्या तळव्याला बोटभर तूप लावते आणि वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांपर्यंत घासत राहते. पाचेक मिनिटांत तूप करडं होतं, मग काळं. "बघ, किती उष्णता निघाली," आई म्हणते. बाबांना बारा वर्षांपासून बीपी आहे आणि गोळीपेक्षा त्यांचा या वाटीवर जास्त विश्वास. त्यात तथ्य किती, ते गेल्या पावसाळ्यात मी मोजून पाहायचं ठरवलं.

आधी काळ्या तुपाचं सांगते. त्यातून उष्णताही निघत नाही आणि विषही निघत नाही. कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. घासताना धातूचे बारीक कण सुटतात, तुपातल्या आम्लांशी आणि घामातल्या क्षारांशी त्यांची प्रक्रिया होते, म्हणून तूप काळं पडतं. पण यावरून वाटी कुचकामी ठरत नाही. तिचं काम रंगात नाही, घासण्यात आहे.

पहिल्या रात्री वाटीच्या आधी बाबांचं माप आलं १५२/९२. वीस मिनिटांनी १३८/८६. आईचा चेहरा खुलला. दुसऱ्या रात्री मी वाटी काढूच दिली नाही. दिवा मालवून बाबांना वीस मिनिटं नुसतं पडून राहायला सांगितलं. १५४/९२ वरून आकडा १४४/८८ वर आला. म्हणजे उतारातला बराचसा वाटा स्वस्थ पडण्याचाच होता, वाटीची त्यात भर. एका माणसाच्या दोन रात्रींनी काही सिद्ध होत नाही, पण मालिशीवरच्या संशोधनाची मोठी अडचण हीच आहे: हाताचा परिणाम किती आणि विश्रांतीचा किती, हे वेगळं काढणं कठीण. आणि दोन्ही दिवशी सकाळी, गोळी घेण्याआधी, बाबांचा आकडा पुन्हा दीडशेच्या घरात होता.

हे असं का होतं? सकाळी ठाणे स्टेशनवर गच्च भरलेल्या लोकलच्या दाराला लटकताना शरीर काय करतं ते आठवा. छाती धडधडते, हातपाय गार पडतात. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, बारीक रोहिण्या आवळल्या जातात, आणि अरुंद झालेल्या नळ्यांतून तेवढंच रक्त ढकलायचं म्हणजे दाब चढणारच. याच्या उलट काम करणारा एक लांब मज्जातंतू मेंदूपासून हृदयाला आणि पुढे पोटापर्यंत जातो, त्याचं नाव व्हेगस. संथ, बेताच्या दाबाची मालिश त्याला जागं करते. नाडी मंदावते, अ‍ॅड्रेनलिनचा जोर ओसरतो आणि आवळलेल्या रोहिण्या सैलावतात.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगाची आहे. हात, पाठ, मांड्या अशा लव असलेल्या त्वचेत काही खास मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने कुणी हात फिरवला, तरच ते चांगले प्रतिसाद देतात. कोपरापासून मनगटापर्यंत हात न्यायला सात-आठ सेकंद, असा तो वेग. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईचा हात तेल जिरवताना आपसूक याच चालीने फिरतो. याउलट कळ येईपर्यंत रगडलं, गाठी दाबल्या, की शरीर त्याला संकट समजतं. अशा जोरकस मालिशीनंतर वरचा आकडा थोडा चढल्याचं मोजमापात आढळलं आहे. बीपीच्या माणसाने "जरा जोर लावा" म्हणू नये, ते यासाठी.

संथ मालिशीने आलेला उतारही काही तासांचाच पाहुणा असतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने जाड झालेल्या रोहिण्या किंवा मीठ धरून ठेवणारी मूत्रपिंडं तेलाने बदलत नाहीत. आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट यांनी रोज अभ्यंग करायला सांगितलं, त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष. कशासाठी, तर जरा म्हणजे म्हातारपण, श्रम आणि वात यांच्या शमनासाठी. अजीर्ण असताना अभ्यंग टाळा, हेही त्यांनीच सांगितलं. रक्तदाबाचा आकडा त्यांच्यासमोर नव्हताच. दंडाला गुंडाळायचा पट्टा इटलीत रिवा-रोच्चींनी आणला तो १८९६ मध्ये.

आयुर्वेदाकडे बीपीवर काही नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचं मूळ उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. जगाचं लक्ष या वनस्पतीकडे वळलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि पुढे ते घेणाऱ्या काहींना खोल नैराश्य आल्याच्या नोंदीही झाल्या. गुण आणि दोष, दोन्ही मोजल्यामुळेच उघड झाले. अभ्यंगाचाही मान असाच राखायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

हे इतक्या पोटतिडकीने लिहायला एक कारण घडलं. आमच्या इमारतीतल्या काकांना एका मालिश केंद्रात सांगितलं गेलं की मालिशीच्या इतक्या बैठका करा, गोळी सुटेल. त्यांनी बैठका संपायच्या आतच गोळी सोडली. दर वेळी मालिशीनंतर लगेच तिथे माप घ्यायचे, ते छानच यायचं. तीन आठवड्यांनी डोकं ठणकायला लागलं म्हणून दवाखान्यात गेले, तर १९०/११०. वेळीच सावरलं, पण मेंदूतल्या रक्तस्रावाच्या उंबरठ्यावर होते ते.

म्हणून मालिशीला जाल तेव्हा बीपी आहे आणि गोळी चालू आहे, हे आधी सांगा. जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला कुणाला दाबू देऊ नका. तिथे मानेतली मोठी रोहिणी दुभंगते आणि तिथेच दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. बोटाने दाबलं की दाब वाढला असं मेंदूला वाटतं, हृदय एकदम मंदावतं, माणूस भोवळ येऊन पडू शकतो. उतारवयात तिथे साचलेल्या चरबीचा कण सुटला तर थेट पक्षाघात. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर तेल लावू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. वाफेच्या पेटीतून उठताना आधी दोन मिनिटं बसा. उष्णतेने सैलावलेल्या रोहिण्या आणि पोटातली गोळी दोन्ही मिळून दाब एकदम खाली आणतात. आणि खोकल्याच्या काढ्यात रोज ज्येष्ठमध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, ते नेमाने घेतल्यास बीपी वाढवतं.

बाबांची वही आम्ही महिनाभराने डॉक्टरांना दाखवली. सकाळचे आकडे एका रकान्यात, वाटीनंतरचे दुसऱ्यात. त्यांनी सकाळच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि गोळी वाढवली. दुसऱ्या रकान्याकडे पाहून आईला म्हणाले, "हे बंद करू नका हं. झोप कशी लागते त्यांना?"

"घोरतात," आई म्हणाली.