जुनी कायद्याची पुस्तकं जमवायचीत?

१ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आमच्या सांगलीच्या बाइंडिंगच्या दुकानात दंड संहितेची पुस्तकं पोत्यानं यायला लागली. वकील विचारतात, रद्दीत घालू का? त्यांची नातवंडं म्हणतात, जुनी आहेत म्हणजे महाग असणार! दोघांनाही सांगतो तेच इथं छापलंय.

दंड संहिता १८६० ची, पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रती गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या असतात. त्यांना रद्दीपेक्षा फार भाव नाही. म्हणून आधी एक विषय धरा. सांगली-साताऱ्याच्या माणसाला आम्ही १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट सुचवतो. १८७५ साली पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यातून कर्जात अडकलेल्या शेतकऱ्यांना दिलासा द्यायला हा कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरताच होता, आणि तासगाव-वाळवा तेव्हा साताऱ्यातच. आपल्याच पणजोबांच्या गहाणखताचा कायदा म्हणा ना.

इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या निकालांचे खंड, १८७६ पासूनची. कपाटात छान दिसते, पण मधले खंड गायब असलेला संच घेऊ नका. राहिलेले शोधण्यात वर्षं जातात.

पुस्तक हातात आलं की शीर्षकपान बघा. ते फाटलेलं असेल, तर आवृत्ती आणि साल ठरवणं अवघड. चामडी पुठ्ठ्यावर अंगठा फिरवा. तांबूस भुकटी लागली तर चामडं कुजत चाललंय. त्याला तेल-पॉलिश चोळू नका. समासातल्या शाईच्या नोंदी मात्र जपा. एका खंडात आम्हाला कुणा वकिलाचा, पक्षकाराकडून येणं असलेल्या फीचा मोडीतला हिशेब सापडला. वसूल झाली का, ते लिहिलेलं नाही.

२०१९ च्या पुरातली पुस्तकं अजून येतात, कडेला गाळाची रेघ घेऊन. चिकटलेली पानं ओढू नका, तशीच आणा. पुस्तक नुकतंच भिजलं असेल तर उन्हात टाकू नका. पानांत टीपकागद घालून पंख्याखाली ठेवा. ढीगच असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये घाला, बुरशी थांबते. सेलोटेप आणि लॅमिनेशन नको म्हणजे नको. ते काढायला आम्हाला मूळ दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि पैसे तुमचेच जातात.

शिलाईचा दर पुस्तक बघून सांगतो, फोनवर नाही.