मन मारणं वेगळं, मन वळवणं वेगळं

योगा क्लास असो, सत्संग असो की व्हॉट्सअॅप, "इच्छा देवाकडे वळवा" हे सगळीकडे ऐकू येतं आणि लगेच पुढे सांगतात काय, तर चहा सोडा, गोड सोडा, सिरीयल बंद करा. अहो, हा निग्रह झाला! निग्रह वाईट नाही, पतंजलींच्या अष्टांगयोगात यम म्हणजे संयमाचे नियम आहेत, प्रत्याहार म्हणजे इंद्रियं विषयांपासून मागे घेणं आहे, ते सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

घोळ होतो तो गोडीपाशी. निग्रहात वस्तू लांब जाते, गोडी जागच्या जागी राहते. गीतेत २.५९ ला हेच आहे, निराहार राहिलं की विषय सुटतात पण रस, म्हणजे हीच गोडी, सुटत नाही, ती परतत्त्व, म्हणजे परमात्मा, दिसल्यावरच सुटते. ज्ञानेश्वर माउली त्यावर म्हणतात, वरवर पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालायचं, मग झाड मरणार कसं? एकादशीला दिवसभर उद्याच्या जेवणाचा मेनू ठरवणारे आपण सगळे याच गटातले.

वळवणं बघायचं तर भागवताच्या नवव्या स्कंधातला अंबरीष राजा घ्या. त्याने एकही इंद्रिय बंद केलं नाही, प्रत्येकाला काम लावून दिलं, हातांना मंदिर झाडायचं, कानांना हरिकथा, पायांना तीर्थयात्रा, नाकाला देवाच्या पायावरच्या तुळशीचा वास, जिभेला नैवेद्य, आणि यादीत शेवटी चक्क काम, म्हणजे वासनासुद्धा येते, तीही देवाच्या दास्यात लावली, भोगासाठी नाही. गंमत म्हणजे याच राजाने वर्षभर द्वादशीचं व्रतही केलं, उपाससुद्धा काढले. म्हणजे बाहेरून आपला आणि त्याचा उपास सेम टू सेम, मन दिवसभर कुठे होतं तेवढाच फरक.

नवसाला तर कृपा करून यात आणूच नका. "प्रमोशन मिळू दे, अकरा नारळ वाहीन" यात इच्छा तसूभरही हललेली नसते, देवाला फक्त मधला एजंट केलेलं असतं.

नारदभक्तिसूत्रं तर सरळ सांगतात, काम, क्रोध, अभिमान करायचेच असतील तर देवाच्याच बाबतीत करा. त्यामुळे राग गिळून हसतमुख बसणं म्हणजे भक्ती असं कोणी शिकवायला लागलं, की त्याला आधी विठ्याला शिव्या घालणारी जनाबाई वाचायला द्या.